पंधरा पॉइंट दोन

"पंधरा पॉइंट दोन," इनायतभाई म्हणाले आणि बटण दाबून त्यांनी स्टॉपवॉचचा काटा शून्यावर आणला.

"सरासरी?"

"सरासरीच. जाताना तीन, येताना एक. वाऱ्याचं नाव नाही आज."

मी अजून सायकलीतच उताणी होते. पाय समोर पेडलवर, पाठ मागे टेकलेली, वर सकाळचं कोरं आभाळ. घसा कोरडा पडला होता. दोनशे मीटरला पंधरा पॉइंट दोन सेकंद म्हणजे ताशी सत्तेचाळीस पॉइंट चार किलोमीटर. मागच्या रविवारीही हेच. त्याआधीच्या रविवारी एक दशांशाचा फरक. मला पन्नास हवे होते.

"वही द्या."

त्यांनी वही दिली. मी पडल्या पडल्याच लिहिलं : १२ फेब्रुवारी १९८९. तापमान एकोणीस. वारा नाही. १५.३, १५.१.

कवलापूरच्या त्या जुन्या धावपट्टीवर विमान उतरलेलं आम्ही कधी पाहिलं नाही. डांबराच्या भेगांतून गवत वर आलं होतं आणि त्या गवतासाठी सोनाक्का शेळ्या घेऊन यायची. सत्तरीची बाई, पण नजर घारीची.

"निजूनच पळायचं तर घरी खाटंवर पळायचं की, बाई," ती दर रविवारी म्हणायची तसं म्हणाली.

"खाटच आहे ही, अक्का," इनायतभाई म्हणाले. "बाईंनी तिला चाकं लावलीत."

"आन कुनाच्या मागं लागलीया एवढी?"

"पन्नासाच्या."

"गावलं का?"

"अजून नाही," मी म्हणाले.

इनायतभाईंनी थर्मासचं झाकण उघडलं. दोन कप ते फडक्यात गुंडाळून आणायचे, म्हणजे लुनाच्या पिशवीत एकमेकांवर आपटणार नाहीत. चहा ओतता ओतता म्हणाले, "आज तुमचं चाक गात होतं."

मागच्या चाकाच्या आऱ्यांना लागेल अशी एक्स-रे फिल्मची पट्टी मी त्या दिवशी पहिल्यांदाच लावली होती. चाक फिरलं की प्रत्येक आरा पट्टीला टिचकी मारतो. वेग वाढला की टिचक्यांचा एकच सूर होतो. चाळीस आरे, चाकाचा घेर दोनशे सहा सेंटिमीटर. सूर कळला की वेग कळतो.

"पट्टी लावलीय," मी एवढंच म्हणाले. करून बघितल्याशिवाय बोलायची मला सवय नव्हती.

"पण सूर एक नव्हता. तुम्ही जवळ येत होता तेव्हा चढा. समोरून गेला की लगेच उतरला. चांगला एका पट्टीनं."

"तसंच होतं. येणाऱ्या वस्तूच्या आवाजाच्या लाटा दाबल्या जातात, जाणारीच्या ताणल्या जातात. म्हणून."

"आणि आत बसलेल्याला?"

"त्याला एकच सूर ऐकू येतो. तो आवाजाबरोबरच जात असतो ना."

त्यांनी कप रिकामा केला. "म्हणजे ऐकणारा बाहेर पाहिजे," असं काहीसं पुटपुटले, आणि स्टॉपवॉच खिशात ठेवून पेचकस काढला. भोपळा सोडवायची वेळ झाली होती.

भोपळ्याचं सांगायला हवं.

मी तेव्हा मिरजेच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. चौतीस वर्षांची होते. आधीच्या वर्षी आई चार महिने आजारी होती. तिच्या उशाशी बसून रात्री काढायच्या, तर करायला काहीतरी हवं म्हणून मी गणित मांडलं होतं. कॉलेजच्या लायब्ररीत एका परदेशी मासिकात आडव्या सायकलीचं चित्र पाहिलं होतं. माणूस ताठ बसला तर वारा किती अडवतो, आडवा झाला तर किती, पाठीमागे निमुळती शेपटी दिली तर किती, असं करत करत माझ्या पायांच्या ताकदीला ताशी पन्नास किलोमीटर, असं उत्तर आलं. जुलैत आई गेली. भेटायला येणारे महिनाभर येत राहिले, मग थांबले. कागद तेवढा राहिला. दोन जुन्या सायकली घेऊन मी वेल्डरकडे गेले.

पुढून वारा अडवतो हे सगळ्यांना कळतं. पण खरं ओढणं मागून असतं. माणूस पुढे सरकला की त्याच्या मागे एक पोकळी राहते, हवा तिथे वेळेत पोचत नाही, आणि ती पोकळीच त्याला मागे खेचते. त्यासाठी सीटमागे लांबट, गोल, हळूहळू निमुळतं होणारं काहीतरी हवं होतं. पत्रा जड होत होता. पुठ्ठा टिकत नव्हता.

नोव्हेंबरात प्रयोगशाळेसाठी तारा आणायला मी सतारमेकर गल्लीत गेले. इनायत सतारमेकरांच्या दुकानात छताला भोपळे टांगलेले होते. तंबोऱ्याचे, मंगळवेढ्याकडून येतात ते. त्यातला एक लांबुडका होता, देठाकडे निमुळता. मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की त्यांनी तारा बांधायच्या थांबवल्या.

"तो वाकडा निघाला, बाई. त्याचा तंबोरा होत नाही."

"मला तंबोरा नकोय. सायकलीला लावायचाय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आमच्या पुतण्याला तुम्हीच शिकवता ना? दोन वर्षं भोपळे देताय त्याला. एक परत न्यायला आलात होय."

मी फार दिवसांनी हसले असेन. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी आतून स्टूल आणून दिलं. चाळिशी ओलांडलेले, बारीक अंगाचे गृहस्थ; बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या वेळी त्यांच्यापुढे एक तंबोरा तयार होत होता. भोपळ्याच्या तोंडावर लाकडी तबली चिकटवण्याआधी त्यांनी हात आत घातला आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

"आत काय लिहिलंत?"

"नाव, तारीख. लाकूड कुठलं. वडीलही लिहायचे."

"पण तबली लावली की दिसणार कुणाला?"

"दुरुस्तीला उघडेल त्याला," ते म्हणाले. "तोवर बघायचं नसतं."

भोपळा त्यांनी कापून, घासून, वॉर्निश करून दिला आणि तो कसा चालतो ते बघायला म्हणून पुढच्या रविवारी लुनावरून धावपट्टीवर आले. मग दर रविवारी. भोपळा सीटमागच्या प्लायवूडला चार स्क्रूंनी बसायचा. मिरजेचा रस्ता खडबडीत म्हणून तो लुनाच्या पिशवीतून जायचा-यायचा आणि आठवडाभर त्यांच्याच दुकानात राहायचा. रंधून, लुगदी चढवून, परत घासून ते तो थोडा थोडा बदलत. भोपळ्यावर मी लोकरीचे तुकडे चिकटवत असे. मी वेगात समोरून गेले की ते सांगायचे, "खालचे सगळे झोपले. वरचे उजवीकडचे दोन नाचतात." जिथे दोरा नाचतो तिथे हवा फाटते. पुढच्या रविवारी ते दोनही झोपलेले असत. तंबोऱ्याच्या भोपळ्याला हात लावून ज्याला कुठं जाड, कुठं पातळ ते कळतं, त्याला मी शिकवण्यासारखं काही नव्हतं.

नोव्हेंबरात सतरा सेकंद होते. नाताळच्या दिवशी पंधरा पॉइंट चार. आणि जानेवारीत आकडा अडला. मी बुटांच्या नाड्या आत दडवल्या. हँडलची टोकं कापली. केस घट्ट बांधून वर टोपी घातली. साखळी रॉकेलमध्ये बुडवून धुतली. टायरात हवा वाढवली. कागदावरचं गणित तीनदा तपासलं. कुठेतरी एक अडथळा होता आणि तो मला सापडत नव्हता.

त्या जानेवारीत एकदा सोनाक्कानं दिलेले हरभऱ्याचे डहाळे सोलत बसलो होतो, तेव्हा इनायतभाईंनी विचारलं होतं, "पन्नास झालं की मग पुढं काय, बाई?"

"पुढे काय असणार? झालं. वही बंद."

"साठ नाही?"

"साठ माझ्या पायांत नाहीत. गणितात बसत नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि एक घाटा सोलून दाणे माझ्यापुढच्या कागदावर टाकले.

तर, बारा फेब्रुवारी. पट्टीचा सूर मी टेप केला होता. भाषा विभागातला छोटा टेपरेकॉर्डर मागून आणून सीटखाली बांधला होता. टेपची गती बॅटरीवर खालीवर होते, म्हणून निघण्याआधी प्रयोगशाळेतला, सेकंदाला दोनशे छप्पन कंपनं देणारा नादकाटा वाजवून तोही त्याच टेपवर घेतला होता.

सोमवारी तास संपल्यावर मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. पंधरा पॉइंट दोन सेकंद या वेगाला पट्टीच्या टिचक्या सेकंदाला बरोबर दोनशे छप्पन यायला हव्या होत्या. म्हणजे टेपवर आधी नादकाटा आणि मग चाक, दोन्ही एकाच सुरात. पद्धत बरोबर आहे की नाही एवढंच मला बघायचं होतं.

नादकाटा वाजला. मग चाक. चाक चढं होतं.

मला गाण्याचा कान नाही. पण हा फरक बहिऱ्यालाही कळला असता. मी ताणलेल्या तारेचा सोनोमीटर घेतला. तारेची लांबी सरकवत आधी नादकाट्याशी जुळवली, मग चाकाशी. जाताना दोनशे अडुसष्ट, येताना दोनशे बाहत्तर. टेप उलटा गुंडाळून पुन्हा केलं. आरे मोजले होते ते पुन्हा आठवले. शेवटी सायकलपर्यंत जाऊन ते हातानं मोजले. चाळीसच.

दोनशे सत्तर म्हणजे ताशी पन्नास. चौदा पॉइंट चार सेकंद.

स्टॉपवॉच कॉलेजचं होतं. मंगळवारी रेडिओच्या ठोक्यांशी ताडून पाहिलं. दहा मिनिटांत एक दशांशाचाही फरक नव्हता. मग तपासायचं असं एकच राहिलं.

एकोणीस फेब्रुवारीला मी पोचले तेव्हा ते भोपळा बसवत होते.

"आज उजवीकडचं टोक आणखी बारीक केलंय," ते म्हणाले. "आणि एक सांगायचं होतं. उघड्या तोंडाचा भोपळा आतून घुमतो. तबलीसारखं पातळ झाकण लावून टाकू का?"

"इनायतभाई, मागच्या रविवारी वेळ किती आली?"

"वहीत आहे की. पंधरा पॉइंट दोन."

"वहीतली नाही. घड्याळातली."

पेचकस स्क्रूमध्येच राहिला. लांब शेळीचं एक करडू ओरडत होतं.

"चौदा पॉइंट चार," ते म्हणाले.

"किती रविवार?"

"जानेवारीच्या आठ तारखेपासून."

"का?"

त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. तारा ओढून ओढून त्याला शिंगासारखा घट्टा पडला होता. "ह्याला बटण कळत नाही, बाई. उशीर होतो."

"सुरुवातीला आणि शेवटी अंगठा तोच असतो," मी म्हणाले. "दोन्ही वेळा सारखाच उशीर होतो. वजाबाकीत जातो तो."

ते थोडं हसले. "तुमच्याशी खोटं बोलायचं तर आधी तुमच्याच वर्गात बसावं लागंल."

मी हसले नाही. वर्गात मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे : उत्तर चुकलं तर चालेल, रीडिंग खोटं लिहायचं नाही. चुकलेला आकडा खोडून काळा करायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा वाचता आला पाहिजे. आणि माझ्या वहीत सहा रविवारचे आकडे खोटे होते, माझ्याच अक्षरात.

"सहा आठवडे," मी म्हणाले, "सहा आठवडे मी नसलेला अडथळा शोधतेय."

त्यांनी भोपळ्यावरचा एक सुटलेला लोकरीचा दोरा बोटानं सरळ केला.

"यापुढे तुम्हाला यायला नको," मी म्हणाले. "पट्टीवरून वेग कळतो. मला घड्याळ लावणारं कुणी लागणार नाही."

हे वाक्य मी अगदी शांतपणे बोलले. आवाज चढवला असता तर कदाचित बरं झालं असतं.

"बरं," ते म्हणाले. जानेवारीत म्हणाले होते तसंच. स्टॉपवॉच त्यांनी रुमालानं पुसून माझ्या वहीवर ठेवलं, भोपळा सोडवला, सवयीनं पिशवीत घातला. थर्मास उघडला नाही. लुना सुरू व्हायला चार-पाच वेळा पेडल मारावं लागलं. मग तो आवाज धावपट्टीच्या टोकाशी गेला, वळला आणि उतरत उतरत गेला.

बुधवारी कॉलेजच्या फाटकाशी वॉचमननं मला कापडात गुंडाळलेला भोपळा दिला. तोंडावर पातळ लाकडी झाकण सरसानं चिकटवलं होतं, तंबोऱ्याच्या तबलीसारखं, कडेला बोट फिरवलं तर सांधा लागू नये इतकं नेमकं. चिठ्ठी नव्हती. असावी असं मला वाटलं होतं का, ते आता नक्की सांगता येत नाही. मी कापड झटकून पाहिलं होतं हे मात्र आठवतं.

सव्वीस तारखेला मी एकटी गेले. भोपळा बसवला, नादकाटा वाजवला, टेप चालू केला. लोकर लावली नाही, बघणार कोण. पट्टीचा सूर पाठीमागे चढत गेला आणि एका जागी ठरला. आतून ऐकताना तो खरंच बदलत नाही. दोनशे मीटरच्या खुणेचे दोन बांबू गेले. वळले, परत आले. मग ब्रेक लावून तशीच पडून राहिले. मोजायला प्रयोगशाळा लागणार होती. पण झालं होतं ते पायांना कळलं होतं.

सोनाक्का काठी टेकत आली. तिनं आधी लुनाच्या जागेकडे पाहिलं.

"आज सतारवालं न्हाई आलं?"

"नाही."

"आजारी हाय व्हय?"

"नाही."

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. "गावलं का तुझं पन्नास?"

"गावलं."

"मंग आता?"

मी भोपळ्याचे स्क्रू सोडवायला लागले. सोनाक्का शेळ्यांच्या मागे गेली. सोमवारी मोजलं : पन्नास पॉइंट चार. वहीत लिहिलं, दोन रेघा मारल्या आणि वही बंद केली.

जूनमध्ये मी साताऱ्याच्या कॉलेजात बदली मागून घेतली. सायकल बरोबर नेली, पण तशी धावपट्टी तिथे नव्हती. पुढे सांगाडा भंगारात गेला. भोपळा राहिला. घरं बदलली तसा तो कपाटावरून कपाटावर गेला. येणारे विचारत, तंबोरा शिकता का. मी नाही म्हणे. इनायतभाई गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं, तेही त्या पुतण्याकडून, एका लग्नात, जेवणाच्या रांगेत. त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं, एवढंही तो बोलता बोलता म्हणाला.

गेल्या एप्रिलात ऊन फार होतं. एका दुपारी कपाटावर टक् असा आवाज झाला. भोपळ्याचं झाकण सरस सुटून एका बाजूनं उचललं गेलं होतं. पस्तीस वर्षांनी सरस वाळतो. त्यात आश्चर्य नाही. परत चिकटवावं म्हणून मी सुरीचं पातं घालून ते पूर्ण काढलं. आत बघायला खिडकीशी न्यावं लागलं.

आत पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. वर नाव, इनायत सतारमेकर, मिरज. त्याखाली तारखा, एकाखाली एक, भोपळ्याच्या गोलाईबरोबर थोड्या वाकत गेलेल्या. वीस नोव्हेंबरपासून. प्रत्येक तारखेपुढे दोन आकडे, जाताना आणि येताना, मी वहीत घालत असे तसेच रकाने करून. वारा असेल तिथे बाणानं दिशा. मी चष्मा बदलला, वही काढली. आठ जानेवारीच्या आधीपर्यंत दोन्हीकडचे आकडे एकच होते. आठपासून माझ्या वहीत सरासरी पंधरा पॉइंट दोन, पंधरा पॉइंट तीन, पंधरा पॉइंट दोन. आणि भोपळ्यात पंधरा, चौदा पॉइंट आठ, चौदा पॉइंट सहा. बारा फेब्रुवारीपुढे १४.५, १४.३. कुठेही खाडाखोड नव्हती.

एकोणीस फेब्रुवारीपुढे लिहिलं होतं : फेरी झाली नाही.

तिथे संपेल असं मला वाटलं होतं. पण तारखा खाली चालूच होत्या. सव्वीस फेब्रुवारी, पाच मार्च, बारा मार्च. सगळे रविवार. शेवटची अठ्ठावीस मे. त्यानंतर पाऊस धरतो. चौदा तारखा होत्या. प्रत्येकीपुढे दोन रकाने आखलेले, मोकळे.

मी वहीतल्या सहा रविवारच्या आकड्यांवर एकेक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला खरे आकडे लिहिले. मग पेन्सिलीला टोक करून हात भोपळ्यात घातला. सव्वीस फेब्रुवारीपुढे १४.३, १४.२ असं लिहिलं. उरलेले तेरा तसेच ठेवले.

सरस मिळाला नाही. बाजारातला डिंक लावून झाकण बसवलं आणि वर वही ठेवली, वजन म्हणून.